राधूआण्णाचं कडवं

राधूआण्णा गेल्याची बातमी भागिरथीला लिंबाच्या बागेत कळली. सून यशोधरा बांधाबांधाने पळत आली आणि धापा टाकत म्हणाली, "आत्या, राधूआण्णा गेले. उसाला पाणी धरलं हुतं. तिथंच बांधावर टेकले, ते उठलेच न्हाईत."

भागिरथीने ओच्यातली लिंबं पाटीत ओतली. काट्यांनी ओरबाडलेले हात तिने धुतलेसुद्धा नाहीत. ती म्हणाली, "प्रशांतला म्हनावं पेटी काढ. झांजा घे. समद्यांना बोलव. आपल्या मानसाला आपन पोचवायचं हाय."

धामणसुटीच्या नवजीवन गायन पार्टीचा हा रिवाजच होता. पार्टीतलं माणूस गेलं की पार्टीने त्याच्या दारात बसायचं, त्याच्या नावाचं गाणं बांधायचं आणि गात गात त्याला पोचवायचं. भागिरथीच्या सासऱ्यांनी धर्मांतरानंतर लगेचच ही पार्टी उभी केली, तेव्हापासून तिच्यातलं एकही माणूस मुक्याने गेलं नव्हतं. भीमवाडीतलं नामकरण असो, लग्न असो, जयंती असो, नाहीतर कुणावर जुलूम झाला म्हणून श्रीगोंद्याला तहसीलवर मोर्चा जायचा असो, पार्टी सगळ्यांच्या पुढे. ज्यांना चार माणसांत तोंड उघडायची सवय नव्हती, त्यांनी पार्टीच्या मागे कोरसमध्ये उभं राहून आधी आवाज काढला आणि मग ते बोलायला शिकले. सासऱ्यांमागे भागिरथीचा नवरा सहादू मुख्य गायक झाला. सहादू वारल्यावर भागिरथी उभी राहिली. बाई काय गाणार, असं तेव्हा दोघाचौघांनी म्हटलं. त्यांना उत्तर राधूआण्णाने दिलं होतं. "मी ढोलकी वाजवनार ती वहिनींच्याच मागं. ज्याला नको त्यानं आपला ढोलकीवाला बघावा."

राधूआण्णा, म्हणजे राधाकृष्ण, भीमवाडीतला नव्हता. तो वरच्या आळीचा, ऊसवाल्या मोठ्या भावकीतला. ऐन तरुणपणी तो देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, आणि गावात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. एका जयंतीला पार्टीचा ढोलकीवाला तापाने फणफणला. कार्यक्रम तोंडावर आलेला. राधाकृष्ण रस्त्याच्या कडेला सायकल धरून ऐकत उभा होता. त्याने सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या आणि येऊन बसला. सहादूने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि ढोलकी पुढे सरकवली.

पुढच्या एकादशीला तो देवळात गेला, तेव्हा भजन सुरू असतानाच चुलत्याने त्याच्या मांडीवरचा पखवाज उचलून घेतला. "तिकडं वाजवून आलेले हात इथं चालायचे न्हाईत," असं भरल्या भजनात सुनावलं. राधाकृष्ण उठला. घरी न जाता थेट सहादूच्या ओसरीवर आला, भागिरथीने केलेला चहा प्याला आणि म्हणाला, "गुरुवारी सराव कधी असतो?" त्यानंतर त्याने देवळातल्या भजनाचं तोंड पाहिलं नाही. भावकीने त्याला लग्नकार्यात खालच्या पंगतीला बसवलं, पाटाच्या पाण्याची पाळी शेवटी टाकली. तरी तो आयुष्यभर पार्टीत वाजवत राहिला. सहादूच्या मयताला ढोलकी त्याचीच होती.

तेव्हा भागिरथी माणसं घेऊन निघाली ती तालेवाराच्या दारात मिरवायला नव्हे, घरच्या माणसासाठी. वेशीजवळ मात्र गहिनीनाथ आडवा आला. ज्या चुलत्याने पखवाज काढून घेतला त्याचा हा मुलगा, गावच्या सोसायटीचा चेअरमन. मागे भावकीतली पाच-सहा तरणी पोरं.

"भागिरथी, आज नको," तो म्हणाला. "घरात रडारड चालू हाय. वाजापेटी घेऊन कुठं येताय?"

"पाटील, त्यांच्या घरात रडायलाच चाललोय. आमची रडायची रीत गान्याची हाय."

"ती तुमच्या वस्तीत. हितं आमच्या रीतीनं हुईल."

पोरांनी रस्ता धरला होता. मागे प्रेत दारात होतं. त्याच्यापुढे हाणामारी झाली असती तर लोकांनी राधूआण्णाचं नाव घेऊन वर्षानुवर्षं तेच सांगितलं असतं. भागिरथीने माणसांना मागे फिरवलं. दुपारी लांबून धूर दिसला, तेवढंच. पार्टीच्या इतिहासात पहिल्यांदा आपलं माणूस गाण्याशिवाय गेलं होतं. घरी येऊन ती जेवली नाही, रडलीही नाही. तिला दुःखापेक्षा रागच जास्त आला होता.

गुरुवारी समाजमंदिरात सगळे जमले. ढोलकीची जागा मोकळी होती. ढोलकीसुद्धा नव्हती, कारण ती राधूआण्णाच्याच घरी असायची. पेटीवर बसणारा प्रशांत भागिरथीचा पुतण्या. तो गहिनीनाथच्या सोसायटीतच क्लार्क होता. तो म्हणाला, "काकी, आपन हितंच शोकसभा घेऊ. मोठा फोटो लावू. तालुक्यातल्या समद्या पार्ट्या बोलवू. नाव हुईल त्यांचं."

"आन् दहाव्याला?"

"दहावा त्यांच्या घरचा. पुढारी येनार, प्रवचन हुनार. आपलं काय काम तिथं?"

भागिरथी त्याच्यावर खेकसली नाही. शांतपणे म्हणाली, "प्रशांत, तो मानूस आपल्या दारात आला तवा त्यानं इचारलं व्हतं का, माजं काय काम हितं? आपल्या घरात कोन बी गेलं तर तो बाहेर, उन्हात, पार नदीपतुर वाजवत आला. आन् त्याच्या टायमाला आपन आपल्याच चार भिंतीत दार लावून गायचं? मी दहाव्याला गानार. ज्याला यायचं त्यानं यावं."

गाणं तिने त्याच दिवसांत बांधलं. लिंबं तोडताना, भाकरी थापताना ओठ हलत राहायचे. यशोधरा चुलीपाशी पितळी पालथी घालून ठेका धरायची. ढोलकी तिला राधूआण्णानेच शिकवली होती. सुरुवातीला तीच लाजायची, तेव्हा आण्णा म्हणाला होता, "हात बाईचा का बाप्याचा, ते कातड्याला कळत न्हाई. तू मार थाप."

गाणं पुरं झालं तशी भागिरथी राधूआण्णाच्या घरी गेली, भर दुपारी, रस्त्याने, डोक्यावर पदर नीट घेऊन. ओसरीवर गहिनीनाथ बसला होता, शेजारी राधूआण्णाचा मुलगा पार्थ. पार्थ रांजणगावला कंपनीत होता आणि बाप गेल्यापासून इथेच होता. आत दाराच्या आड चांगुणा, राधूआण्णाची बायको, भिंतीला टेकून बसलेली दिसत होती.

"पार्थ," भागिरथी उभ्यानेच म्हणाली, "दहाव्याला पार्टी येनार हाय. तुज्या वडलांच्या नावचं गानं बांधलंय. एकच गानं. प्रवचन झालं की गाऊ आन् जाऊ."

पार्थने मान खाली घातली. "काकू, वाद नको. लोक काय काय बोलतात. शाळेत असल्यापास्नं मी ऐकत आलोय. आता तरी शांतपणे होऊ द्या."

त्या पोराचाही तिला राग आला नाही. त्याला शाळेत काय काय चिडवत, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

गहिनीनाथ मात्र हुशार माणूस होता. त्याने आवाज मऊ केला. "गाऊ द्या की. आमी काय दुश्मन हाय का? प्रशांतनं मला सांगितलं गानं. चांगलं बांधलंय. पर ते मधलं कडवं, पखवाजाचं, तेवढं काढा. आन् शेवटी घोषना नको. दोन मिनिटं माईक देतो मी सवता."

प्रशांतचं नाव ऐकूनही भागिरथी त्यावर थांबली नाही. "ते कडवं ऱ्हानार, पाटील."

"का पन? माजा बाप जाऊन किती वर्सं झाली. मेलेल्या मानसाला चव्हाट्यावर का आनता?" हे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच दुखावल्यासारखा झाला होता.

"तुमच्या वडलांचं नाव गान्यात न्हाई. त्यांचा मी अपमान करीत न्हाई. पर राधूआण्णाच्या मांडीवरनं पखवाज काढला म्हनून तर ते आमच्यात आले. तेवढं गाळलं तर लोकांना वाटंल, हौसंनं येत असंल कुनीतरी ढोलकी बडवायला. त्यांनी हौस केली न्हाई. त्यांनी किंमत मोजली, आन् ती तुमीच वसूल केली. पूर्न गानं हुईल. माईक तुमचा तुमाला ऱ्हाऊ द्या."

"मग येऊ नका. आलात तर गाऊ देनार न्हाई."

"बघू," भागिरथी म्हणाली. तिने दाराच्या आत पाहिलं. चांगुणा तिच्याकडेच बघत होती. तिने नजर खाली घातली नाही.

परत येताना प्रशांत रस्त्यात भेटला. तिला चुकवायला तो वळला, पण तिने हाक मारली. "गानं सांगितलंस त्याला."

"इचारलं त्यांनी. मला तिथं नोकरी हाय, काकी."

"हाय की. म्हनून मी तुला ये म्हननार न्हाई. पर पेटी समाजमंदिरात ठिवून जा. मी कुनाला तरी बशवीन." एवढं बोलून ती पुढे गेली.

दहावा नदीच्या घाटावर होता. सकाळी सकाळीच घाट भरून गेला. पांढरे कपडे, पांढऱ्या गाड्या, घाटाच्या पायऱ्यांवर सतरंज्या, झाडाला बांधलेले कर्णे. प्रवचनकार महाराज संसाराच्या नाशिवंतपणाबद्दल सांगत होते. खाली पाण्याजवळ पार्थ मुंडन करून बसला होता. पिंडाशेजारी, रिवाजाप्रमाणे, गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू मांडल्या होत्या: धोतर-टोपी, तंबाखूची पुडी, चहाचा कप. आणि चांगुणाने घरून पिशवीत घालून आणलेली ढोलकी. गहिनीनाथने ती पाहिली तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली, पण विधीच्या वेळी विधवेने ठेवलेली वस्तू उचल म्हणायची त्याची छाती झाली नाही.

टेम्पो आला तेव्हा महाराजांचं आटोपत आलं होतं. भागिरथी उतरली, मागून यशोधरा, झांजवाला भीमराज, कोरसच्या बायका. सगळ्यांत शेवटी पेटी छातीशी धरून प्रशांत उतरला. भागिरथीने त्याच्याकडे पाहिलं. "बाकी कुनाला माजी पेटी वाजवता येत न्हाई," तो पुटपुटला, "भाता फाटलाय तिचा."

ते सतरंजीच्या कडेला जाऊन बसले. लोकांच्या माना वळल्या. एका पुढाऱ्याची श्रद्धांजली झाली, दुसऱ्याची झाली. राधूआण्णा कष्टाळू शेतकरी होता, मनमिळाऊ होता, असं प्रत्येकाने सांगितलं. ढोलकीचा उल्लेख कुणी केला नाही. शेवटी गहिनीनाथने माईक हातात घेतला आणि म्हणाला, "आता पसायदान हुईल."

भागिरथी उभी राहिली. "पसायदानाआधी आमची श्रद्धांजली ऱ्हायलीय."

गहिनीनाथने माईकवाल्याला खूण केली. कर्ण्यांमधून खट्ट आवाज आला आणि सगळं बंद पडलं. त्या शांततेत त्याचा आवाज मोठा वाटला. "बसून घ्या. वेळ झालाय."

"आमाला माईक लागत न्हाई, पाटील. माजा सासरा माळावर गायचा तवा कर्ने नव्हते."

भावकीतली दोन पोरं पुढे सरकली. भीमराज झांजा धरून उभा राहिला. क्षणभर वाटलं की आता घाटावर भलतंच काहीतरी होणार. गहिनीनाथ पार्थकडे वळला. "पार्था, तू पोरगा हाय त्याचा. तू सांग यांना. तुज्या बापाचा दहावा हाय का तमाशा?"

सगळा घाट पार्थकडे बघू लागला. त्याच्या तासलेल्या डोक्यावर पाणी चमकत होतं. त्याने पिंडाकडे पाहिलं.

उठली ती चांगुणा. बायकांच्या घोळक्यातून ती सावकाश खाली उतरली, पिंडाशेजारी वाकली आणि ढोलकी उचलली. पदराने तिच्यावरचं पाणी टिपलं. मग घाटाच्या पायऱ्या चढून ती सरळ पार्टीपाशी आली आणि ढोलकी यशोधराच्या पुढ्यात ठेवली.

"चांगुणा, काय करतीस?" गहिनीनाथ म्हणाला.

"भावजी, ह्यांच्या आवडीचं म्हनून ठिवलं हुतं ना? मग आवडीचं व्हऊ द्या." ती तिथेच, कोरसच्या बायकांशेजारी, सतरंजीवर बसली. "माज्या मालकाचा दहावा हाय. मी सांगते. गा, वहिनी."

यशोधराने ढोलकीच्या कड्या ओढल्या. पहिली थाप घाटावर पडली आणि पलीकडच्या काठावरून परत आली. प्रशांतने फाटक्या भात्याच्या पेटीतून सूर काढला. भागिरथीने एक हात कानावर ठेवला.

"ढोलकीवाल्या राधूदादा, तुझी थाप विसरायची न्हाई,
जिथं आमाला वाटंत अडवलं, तिथं आमी गप ऱ्हायचो न्हाई."

कर्णे बंद होते ते एका परीने बरंच झालं. लोकांना ऐकायला गप्प बसावं लागलं. मागे गाड्यांपाशी बोलणारे पुढे सरकले. भागिरथीचा आवाज आता पूर्वीसारखा गोल राहिला नव्हता, वरच्या पट्टीत चिरायचा. पण त्या दिवशी तिने तो चिरू दिला, लपवला नाही. सायकल भिंतीला लावून येऊन बसलेल्या तरुणाचं एक कडवं झालं. मग ते कडवं आलं. ती दोन पावलं पुढे झाली आणि गहिनीनाथकडे तोंड करून उभी राहिली.

"मांडीवरला पखवाज काढला, देवळात भरल्या भजनात,
उठून आला राधू आमचा, बसला येऊन आमच्या जनात."

म्हाताऱ्या माणसांना ती एकादशी ठाऊक होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं. त्यातला एक जण, त्या दिवशी त्याच भजनात टाळ वाजवत बसलेला, हळूच मान हलवू लागला. ती तालावर हलत होती की कबुलीने, ते सांगता आलं नसतं.

"चला रे, उठा," गहिनीनाथ भावकीला म्हणाला. "आपलं इथं काम न्हाई." तो निघाला. त्याच्यामागे बरीच माणसं उठली. पुढाऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या. गाड्यांचा आवाज मोठा झाला तशी भागिरथीने तेच कडवं पुन्हा घेतलं, आणखी वरच्या सुरात, आणि कोरस तिच्यामागे उभा राहिला. चांगुणाला शब्द येत नव्हते. ती प्रत्येक ओळीचा शेवट तेवढा म्हणत होती, रडून बसलेल्या आवाजात.

पार्थ उठला नाही. गहिनीनाथने पायऱ्यांवरून दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही. गाणं संपेपर्यंत तो पाण्याकडे पाठ करून, पार्टीकडे तोंड करून बसून राहिला. शेवटी पार्टीने जयभीमचा घोष केला, आणि तो घाटावर उरलेल्या वरच्या आळीच्या दोघातिघांच्या तोंडूनही आला. जेवढी माणसं उरली होती, तेवढ्यांनी नंतर मिळून पसायदान म्हटलं.

गोष्ट तिथे गोड झाली नाही. पुढच्याच महिन्यात सोसायटीत काम कमी झाल्याचं सांगून प्रशांतला घरी बसवण्यात आलं. तो श्रीगोंद्याला एका खताच्या दुकानात लागला आणि रोज मोटारसायकलने ये-जा करू लागला. त्याने त्याबद्दल भागिरथीला एक शब्द ऐकवला नाही. पेटीला मात्र नवा भाता बसवून आणला. यात्रेत पार्टीला वर्षानुवर्षं मिळणारा एक कार्यक्रम असायचा, तो यंदा बंद झाला. राधूआण्णाच्या उसाची पाण्याची पाळी पुन्हा शेवटी गेली. तेव्हा पार्थ कंपनीतून सुट्टी काढून आला, पाटबंधारे ऑफिसात अर्ज घेऊन बसला आणि पाळी लागेपर्यंत उठला नाही. गावात कुणी म्हणे भागिरथीने दहावा बाटवला, कुणी म्हणे असा दहावा पुन्हा होणे नाही. ते कडवं मात्र पोरांच्या मोबाईलमधून आसपासच्या गावांत गेलं आणि तिकडून बोलावणी येऊ लागली.

दहाव्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी सरावाला समाजमंदिराच्या पायरीवर चांगुणा येऊन उभी राहिली. "मला बी शिकवा. शेवटचा शब्द तेवढा येतोय, पुढचे बी येतील," ती म्हणाली. भागिरथीने सरकून तिला जागा केली. चांगुणा सुरात गात नव्हती. पुष्कळ दिवस तिला सूर सापडला नाही. तरी कुणी तिला मागच्या रांगेत बसवलं नाही.

उन्हाळ्यात काष्टीकडच्या एका गावात कार्यक्रम ठरला. टेम्पो वरच्या आळीतून निघाला तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर गहिनीनाथ आणि चार माणसं बसली होती. चांगुणा पिवळी साडी नेसून भागिरथीच्या शेजारी टेम्पोत बसली होती. गहिनीनाथने तिला पाहिलं आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुठं निघालीस गं, घर सोडून?"

चांगुणाने ड्रायव्हरला टेम्पो थांबवायला सांगितला. टेम्पो पूर्ण थांबेपर्यंत ती थांबली.

"कार्यक्रमाला निघालेय, भावजी," ती म्हणाली. "पार्टीत हाय मी."

मग तिने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली, "चल रं बाबा," आणि टेम्पो हलला.